मशीनखाली दोऱ्याचा गुंता होतोय? स्क्रू फिरवण्याआधी हे बघा

पोळ्याची रात्र होती. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोराला नवी बंडी घालून, लाकडी बैल हातात देऊन गल्लीत मिरवायचं, असं मी महिनाभर आधी ठरवलं होतं आणि नेहमीप्रमाणे शिवायला बसले आदल्या रात्री अकराला. वरून टीप एकदम सरळ. कापड उलटलं तर खाली दोऱ्याचं जळमट.

मग मी तेच केलं जे सगळे नवशिके करतात. टेन्शनचा, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणारा, नट घट्ट केला, सैल केला, परत घट्ट केला. नाही जमलं तर बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी (बॉबिन) जिच्यात बसते त्या डबीचा, बारका स्क्रू फिरवला. रात्री एकच्या सुमारास तो स्क्रू टुणकन उडाला आणि दिवाणाखाली कुठे गेला तो आजतागायत सापडला नाही. पोरगं मागच्या वर्षीच्या कुर्त्यात मिरवलं.

नंतर वहिनीच्या आईंकडे मशीनचं डोकं घेऊन गेले. या मावशी नागपुरात महाल भागात पस्तीस वर्षांपासून ब्लाउज शिवतात. त्यांनी स्क्रूकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "दोरा ओवतानी पाय वर होता का खाली?" मला प्रश्नच कळला नाही. "काऊन घाबरून राहिली बाप्पा," त्या म्हणाल्या, "टेन्शनले हात शेवटी लावायचा असते." हा लेख त्या एका वाक्याचाच विस्तार आहे. माझ्याकडे सासूबाईंची काळी पायमशीन आहे आणि नंतर घेतलेली एक विजेवरची झिगझॅग मशीनही आहे. खालच्या पायऱ्या दोन्हींना लागू पडतात; जिथे फरक आहे तिथे सांगितलं आहे.

लागणारं सामान

नवीन सुयांचं एक पाकीट (११, १४ आणि १६ नंबर असले की बहुतेक काम भागतं), दोन वेगळ्या रंगांची एकाच जातीची रिळं, जुना टूथब्रश, बारका स्क्रू-ड्रायव्हर, मशीनचं पांढरं तेल, नेलपॉलिश आणि तुम्ही जे शिवताय त्याच कापडाच्या चार-सहा चिंध्या. चिंधी त्याच कापडाची हवी. मांजरपाटावर टेन्शन जुळवून जॉर्जेट शिवायला घेतलंत तर सगळा खटाटोप वाया जातो. मशीनसोबत आलेलं माहितीपुस्तक असेल तर तेही जवळ ठेवा. सुया, बॉबिन, तेल हे सगळं नागपुरात बर्डीवर किंवा इतवारीत शिवणसाहित्याच्या दुकानात मिळतं. जाताना जुनी सुई आणि जुनी बॉबिन सोबत न्या. "घरच्या मशीनची द्या" एवढ्यावर भागत नाही.

१. आधी समजून घ्या: खालचा गुंता वरून येतो

मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते, तिथे तो दोरा थोडा सैल पडून त्याचा फास होतो. शटलचं, म्हणजे खाली बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाचं, टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं. मग वरचा टेक-अप लिव्हर, म्हणजे सुईच्या वरच्या बाजूला सारखा वरखाली नाचणारा दांडा, तो फास ओढून घेतो आणि टाका आवळला जातो.

आता विचार करा, टेन्शनच्या चकत्यांनी, म्हणजे वरचा दोरा ज्यांच्या मधून दाबला जात येतो त्यांनी, तो धरलेलाच नसेल तर काय होईल? लिव्हर वर जाताना खालचा फास ओढण्याऐवजी रिळातून नवा दोरा ओढेल, कारण तिकडून काहीच अडवणूक नाही. फास खालीच राहतील. टाक्यामागून टाका तेच, आणि तुमच्या हातात जळमट. म्हणून खाली गुंता दिसला की बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्यात असतो. मी त्या रात्री बॉबिन केसच्या मागे लागले होते ते याच्या अगदी उलट.

२. दोरा पूर्ण काढा, पाय वर करा, पुन्हा ओवा

"मी बरोबरच ओवलाय" असं वाटत असलं तरी काढा.

कापड दाबणारा पाय म्हणजे प्रेसर फूट. तो मागच्या दांडीने उचलला की टेन्शनच्या चकत्या उघडतात, खाली केला की मिटतात. पाय खाली ठेवून दोरा ओवला तर तो मिटलेल्या चकत्यांच्या वरून नुसता घसरतो, आत बसत नाही. बाहेरून बघताना सगळं बरोबर दिसतं. मावशींच्या प्रश्नाचा अर्थ हा होता.

क्रम असा: सुई आणि टेक-अप लिव्हर हाताने चाक फिरवून सगळ्यात वर आणा. चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं. उलटं फिरवलं तर शटलमध्ये दोरा अडकतो. पाय वर. रिळापासून दोरा पहिल्या कडीतून, मग टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधून न्या. काळ्या मशीनवर तिथे एक बारीक तारेची स्प्रिंग असते, तिच्यातही दोरा अडकला पाहिजे. दोन्ही हातांनी दोरा धरून चकत्यांमध्ये हलकाच ओढा, म्हणजे नीट आत बसेल. मग लिव्हरच्या भोकातून, खालच्या कड्यांतून, शेवटी सुईत.

लिव्हर चुकला तर मशीन चार टाक्यांत अडकते आणि आवाजच वेगळा येतो. विजेवरच्या मशीनवर लिव्हर झाकणाच्या आत लपलेला असतो. तो वर आणला नाही तर दोरा त्याच्या बाजूने निघून जातो आणि आपल्याला कळतही नाही.

आता दहा सेकंदांची परीक्षा. पाय वर असताना सुईतून आलेला दोरा ओढा, तो सहज आला पाहिजे. पाय खाली करून परत ओढा. आता जोर लागला पाहिजे, सुई जराशी वाकेल इतका. पाय खाली करूनही दोरा सहज येत असेल तर तो चकत्यांमध्ये नाही, किंवा चकत्यांत कचरा आहे. बस, दोष सापडला. माझ्याकडे कुणी मशीन बिघडली म्हणून आलं की मी आधी एवढंच करून बघते, आणि निम्म्या वेळा पुढे काही करावंच लागत नाही.

३. सुई बदला

सुई तुटेपर्यंत वापरायची असते, हा आपल्या घरांतला समज. खरं तर साधारण आठ तास शिवून झालं की सुईचं टोक बोथट होतं. डोळ्यांना दिसत नाही, पण नखावरून टोक हलकेच ओढलं तर खरखरतं. वाकलेली सुई ओळखायला तिची सपाट बाजू काचेवर ठेवा आणि खालची फट शेवटपर्यंत सारखी आहे का बघा.

घरच्या मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते आणि पाकिटावर बहुतेक एचए×१ असं लिहिलेलं असतं. शिंप्यांच्या मोठ्या मशीनची सुई पूर्ण गोल असते. ती घरच्या मशीनला चालत नाही, ओढून-ताणून बसली तरी टाके सुटतात.

सुई कशी बसवायची? एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने ओवायचा. सपाट बाजू शटलच्या टोकाकडे येते. विजेवरच्या झिगझॅग मशीनवर सपाट बाजू मागे आणि दोरा समोरून मागे. काळ्या मशीनवर सुई आडवी बसते, म्हणून तिथे माणूस चुकतो. सुईच्या वरची शेवटची कडी ज्या बाजूला आहे, लांब खाच त्या बाजूला ठेवा. आणि सुई वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. एक सूत खाली राहिली तरी शटल फास पकडू शकत नाही.

यात माझे दोनशे रुपये गेले आहेत. एकदा घरी मेकॅनिक बोलावला. त्याने सुई काढली, फिरवून लावली, चिंधीवर टीप मारून दाखवली, पैसे घेतले, गेला. चहासुद्धा गार झाला नव्हता.

नंबरचं म्हणाल तर पाकिटावर १४/९० असं लिहिलेलं असतं. ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. जॉर्जेट, शिफॉनला ९ किंवा ११. रुबियाचे ब्लाउज, अस्तर, सुती कुर्ते यांना ११ किंवा १४. चादरी, पडदे, जाड सलवारीला १६. जीन्सला १६ किंवा १८. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोल टोकाची वेगळी सुई मिळते. साध्या सुईने त्यावर टाके सुटणारच, टेन्शन कितीही फिरवा.

४. बॉबिन: भरणं आणि बसवणं

बॉबिन ढिली भरली की टीप कधीच एकसारखी येत नाही. भरताना दोरा मशीनवरच्या छोट्या चकतीतून गेलाच पाहिजे. हाताने दोरा धरून भरू नका. भरलेली बॉबिन बोटाने दाबून बघा: स्पंजासारखी दबली तर काढून पुन्हा भरा. काठाच्या जराशी आत थांबा, काठोकाठ नको. जुन्या उरलेल्या दोऱ्यावर नवा रंग चढवू नका. काटकसर वाटते, पण खालचा दोरा मधेच सरकतो आणि बॉबिन अडखळत फिरते.

बसवताना दोरा केसच्या चिरेत घालून पातळ पट्टीच्या स्प्रिंगखाली ओढायचा, बारीक 'टक' असं जाणवेपर्यंत. दिशा लक्षात ठेवायची खूण: बॉबिनवरून येणारा दोरा चिरेत शिरल्यावर उलट वळून स्प्रिंगखाली गेला पाहिजे. सरळच गेला तर बॉबिन उलटी आहे. वरून टाकायच्या बॉबिनच्या मशीनवर, बहुतेक मॉडेल्समध्ये, दोरा ओढला की बॉबिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. झाकणावर बाण काढलेला असतो, तो बघा.

सापळा: दिसायला सारख्या बॉबिन उंचीला केसभर कमी-जास्त असतात. सेलमध्ये घेतलेल्या डझनभर प्लास्टिकच्या बॉबिन माझ्या विजेच्या मशीनमध्ये खडखडतात. त्यात आता पोरगं मणी ठेवतं.

५. झाडलोट

बॉबिन केस बाहेर काढा. सुई काढून सुईखालची प्लेट उघडा. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या मधे राखाडी रंगाचा नमदा साचलेला दिसेल, तो टूथब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, वाफेने आत ओल जाते आणि कचरा आणखी खोल बसतो. बॉबिन केसच्या स्प्रिंगखालून जाडसर कागदाचा कोपरा सरकवून घ्या. तिथे अडकलेला एक धागा अख्खं टेन्शन बिघडवतो. वरच्या चकत्यांतून, पाय वर करून, सुती चिंधीची घडी फिरवा.

तेल दोन-दोन थेंब, मशीनवर जिथे भोकं दिली आहेत तिथे आणि शटलच्या कडेला. फक्त मशीनचं तेल. खोबरेल किंवा गोडेतेल काही दिवसांत चिकट होऊन मशीन जड करतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर ते लवकरच होतं. टेन्शनच्या चकत्यांना तेल अजिबात नको. तेल दिल्यावर आधी चिंधीवर शिवा, नाहीतर पहिला डाग नव्या कापडाचा. काही नव्या विजेच्या मशीनला घरी तेल द्यायचंच नसतं, तेव्हा आधी पुस्तक बघा.

६. दोऱ्याकडेही बघा

हातभर दोरा घेऊन झटका द्या. सहज तुटला, किंवा उजेडात धरल्यावर जागोजागी गाठी दिसल्या तर तो दोरा मशीनसाठी नाही, हातशिलाईला ठेवा. खिडकीत उन्हात पडलेली रिळं कमजोर होतात. सुती दोरा कोरड्या हवेत जास्त तुटतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नागपुरात शिवताना 'कालपर्यंत तर चांगला होता' असं होतं. आणि मशीन कूलरच्या झोतात ठेवू नका. दोरा उडून चाकात जातोच, पण ओलीमुळे सुया आणि शटल गंजतात. माझं शटल असंच खरखरीत झालं होतं.

वर-खाली एकाच जातीचा दोरा घ्या. मोठं कोनाचं रीळ मशीनच्या खुंटीवर बसत नसेल तर मशीनमागे स्टीलच्या पेल्यात उभं ठेवा आणि दोरा आधी सरळ वर नेऊन मग मशीनकडे आणा. छोट्या रिळाच्या काठाला दोरा अडकवायची जी चीर असते, ती फिरताना दोरा पकडते. रीळ उलटं बसवा, काम होतं.

७. आता दोन रंगांची टीप

इथपर्यंत आलात तर आता टेन्शनबद्दल बोलायला हरकत नाही. वर लाल, खाली पांढरा, असा दोरा भरा. कापडाची दुहेरी चिंधी घ्या. दोन्ही दोऱ्यांची चार बोटं टोकं मागे धरून ठेवा (सुरुवातीचा गुंता बहुतेक ही टोकं मोकळी सोडल्याने होतो), पाय खाली करा आणि वीतभर टीप मारा.

वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसतात? वरचं टेन्शन जास्त आहे. खालच्या बाजूला लाल ठिपके किंवा लाल फास दिसतात? वरचं टेन्शन कमी आहे. दोन्ही बाजूंना आपापलाच रंग दिसला तर गाठ कापडाच्या पोटात बसली आहे, आणि तुमचं टेन्शन ठीक आहे.

खालचा दोरा अगदी सरळ तारेसारखा पडला असेल आणि लाल दोरा त्याला नुसता वेढे घालत असेल, तर वरचा दोरा जवळजवळ मोकळाच आहे. पायरी २ कडे परत जा, नट फिरवू नका.

८. वरचं टेन्शन, थोडं-थोडं

आकड्यांची चकती असेल तर ४ वर आणून सुरुवात करा. एका वेळी अर्धा आकडा, मग नवी टीप. काळ्या मशीनवर आकडे नसतील तर नट उजवीकडे फिरवला की घट्ट, डावीकडे सैल. एका वेळी पाव फेरा पुरे. प्रत्येक टिपेशेजारी पेनाने आकडा किंवा फेरा लिहा. चिंधीवर लिहायला कंटाळा येतो, पण पाचव्या टिपेनंतर कोणती कशाची हे कुणालाच आठवत नाही.

पातळ कापड टिपेजवळ चुण्या पडून गोळा होत असेल तर टेन्शन कमी, सुई बारीक, आणि शिवताना कापड मागून ओढायचं नाही. जॉर्जेटखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर फाडून काढा. साडीला फॉल लावणाऱ्या बायकांना हे पाठ असतं.

९. बॉबिन केसचा स्क्रू, नाइलाज झाला तरच

वरचं टेन्शन एका टोकाला नेऊनही टीप जुळली नाही, तर इथे या.

आधी लटकवून बघा. भरलेली बॉबिन केसमध्ये घाला आणि दोऱ्याचं टोक धरून केस अधांतरी सोडा, खाली हात ठेवून. आपोआप घसरत खाली गेली तर फार सैल. हिसका देऊनही जागची हलली नाही तर फार घट्ट. हलक्या हिसक्याला दोन-चार बोटं उतरून थांबली तर बरोबर, मग स्क्रूला हात लावू नका. ही परीक्षा बाहेर निघणाऱ्या धातूच्या केसची आहे.

फिरवायचाच असेल तर आधी स्क्रूवर आणि केसवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा, फोनवर फोटो काढा, आणि हे काम पसरट ताटात करा. दिवाणाखाली स्क्रू शोधण्याचा अनुभव मी घेतलेला आहे. केसवर दोन स्क्रू असतील तर एक स्प्रिंग धरून ठेवतो, त्याला सोडा. साधारण मधला, मोठ्या डोक्याचा असतो तो टेन्शनचा. घड्याळात पाच मिनिटांत मिनिटकाटा जितका सरकतो, एका वेळी तितकंच फिरवायचं. मग परत लटकवून बघायचं.

१०. तरी जमत नसेल तर

वरचा दोरा सारखा तुटतोय? सुईखालच्या प्लेटच्या भोकावर आणि शटलच्या टोकावर नखाने चाचपा. सुई कधी आपटली असेल तर तिथे खरखरीत चरा असतो, दोरा त्यावर कापला जातो. चरा घासून गुळगुळीत करण्याचं काम जाणकाराचं. नवी सुई, बरोबर बसवलेली, बरोबर कापड, आणि तरी टाके सुटताहेत? मग सुई आणि शटलची वेळ जुळत नसेल. तेही घरी करू नका.

मेकॅनिककडे जाताना नुसती मशीन नेऊ नका. दोन रंगांची ती लिहिलेली चिंधी, तुमचा दोरा, तुमची सुई आणि कापडाचा तुकडा न्या. "बिघडली" म्हणण्याऐवजी "सुई नवी आहे, खालून वरचा दोरा दिसतो, टेन्शन सातवर नेलं तरी" असं सांगा. समोरचा माणूसही मग वेगळ्या नजरेने मशीन बघतो, असा माझा अनुभव आहे. आणि परत घ्यायला जाल तेव्हा तिथेच, त्याच्यासमोर, स्वतः बसून हातभर टीप मारा आणि उलटून बघा. काळ्या मशीनचं डोकं उचलून ऑटोत घालायचं, घरी आणायचं आणि दुसऱ्या दिवशी परत न्यायचं म्हणजे कंबर धरते.